बुर्गामावशीचा रुंद झगा

शुक्रवार, १० ऑगस्ट १५२६. संत लॉरेन्सचा दिवस

नगरसभेचा शिपाई दारातच उभा राहून हुकूम वाचून गेला. शहरातल्या ज्या पाद्र्याच्या घरात बाई आहे, त्यानं संत मिखाएलच्या सणाआधी, म्हणजे २९ सप्टेंबरच्या आत, तिच्याशी चर्चच्या दारात, चारचौघांदेखत लग्न लावावं. नाहीतर तिला घराबाहेर काढावं. तिसरी वाट नाही!

शिपाई वाचताना अडखळत होता. मावशी हाताचं पीठ पुसत ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "घसा कोरडा पडला असेल. बियर घे."

तो गेल्यावर गुरुजी म्हणाले, "बिशपची माणसं दर वर्षी यायची, तुझ्यापायी माझ्याकडून दंड घ्यायची आणि जाताना डोळा मारायची. हे बिचारे दंड तरी मागत नाहीत."

मावशी हसली नाही.

वही नवी आहे. मीच शिवलेली. म्हणून सगळं पहिल्यापासून नीट लिहितो. बुर्गामावशी म्हणजे माझ्या आईची बहीण. मी पाळण्यात असताना आईबाप प्लेगनं गेले. त्यांचं गावच उठलं, असं मावशी सांगते. गुरुजी म्हणजे सेंट गालुस चर्चचे पाद्री, एगिडियुस लिंडनर. मावशी त्यांचं घर सांभाळते. त्यांनीच मला अक्षर शिकवलं. विद्वान मित्र त्यांना टिलियानुस म्हणतात — लिंडन या झाडाच्या नावाचंच लॅटिन. मावशी म्हणते, "झाड तेच, पाला तोच, नुसता भाव वाढला!" लोकांसमोर ती त्यांना 'मालक' म्हणते. घरात नुसतं 'अहो'.

याच्या पलीकडे मी कधी काही विचारलेलं नाही. विचारलं की उत्तर मिळतं. मग ते परत देता येत नाही.

मावशी गेली तर या घरात काय उरेल?

रविवार, १२ ऑगस्ट

गुरुजींनी आज पुन्हा तेच केलं. प्रभुभोजनात ज्यांनी मागितलं त्यांना भाकर आणि द्राक्षारस दोन्ही दिलं, नव्या रीतीनं. म्हाताऱ्या बायका जुन्या रीतीनं नुसती जीभ पुढे करून उभ्या राहिल्या, त्यांच्या जिभेवर भाकरीचा तुकडा ठेवला. नवे आणि जुने, दोघेही बाहेर पडताना कुरकुरत होते.

नवे प्रवचनकार क्नाउस दारात वाट अडवून उभे. वयानं माझ्याहून फार मोठे नाहीत. म्हणाले, "गुरुवर्य, एक काय ते ठरवा! कोमट दूध मांजरसुद्धा पीत नाही."

"आमचं पितं," गुरुजी म्हणाले. "कोमटच पितं. गरम दिलं तर तोंड भाजतं, गार दिलं तर खोकतं."

क्नाउससुद्धा हसले. पण मग हलक्या आवाजात म्हणाले, "सण जवळ येतोय. त्या बाईंचं काय?"

गुरुजींनी माझा हात धरला आणि घराकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. पायऱ्या दिसत नाहीत. हात मात्र घट्ट धरतात.

सोमवार, १३ ऑगस्ट

काही नाही. पाऊस नाही, बातमी नाही. मावशीनं मसूर करपवला. ती कधी करपवत नाही.

मंगळवार, २१ ऑगस्ट

शेजारच्या प्लोनीच्या भावाचं लग्न. प्लोनी म्हणजे बेकरीवाल्याची बायको. तिच्या तोंडाची भट्टी नवऱ्याच्या भट्टीपेक्षा जास्त तापते. नवरीला आधीचं मूल आहे, नवऱ्याचंच, तीन वर्षांचं. नवरी चर्चच्या दारात उभी राहिली आणि तिनं खांद्यावरून पायापर्यंत येणारा झगा उघडला. मूल आत शिरलं. तिनं झगा मिटला. गुरुजींनी लग्न लावलं. शपथा चालू असताना मुलानं झग्याच्या फटीतून डोकं बाहेर काढलं आणि मोठ्यानं विचारलं, "झालं का?" लोक हसून लोटपोट!

मी प्लोनीला विचारलं, हे कशासाठी. मला तेवढंही माहीत नव्हतं, याचं तिला फार नवल वाटलं.

"अरे, लग्नाआधीचं पोर असं आईच्या झग्याखाली उभं राहिलं की ते लग्नातलंच धरतात. बापाचं नाव लागतं. उद्या ते सुतार होईल नाहीतर लोहार, कारागिरांच्या कुठल्याही संघात जाईल. कुणी बोट दाखवायचं नाही." मग माझ्याकडे बघत राहिली. "मावशीचा भाचा म्हणे! आणि हे नाक कुणाचं?"

प्लोनीला काहीही बोलायची सवय आहे. लिहून ठेवण्यासारखं नाही.

(लिहिलं तरी.)

गुरुवार, २३ ऑगस्ट

योर्ग ट्राउटच्या कारखान्यात दिवसभर शिवण. ते शहरातले सगळ्यात जुने पुस्तकबांधणी करणारे, मी त्यांच्या हाताखाली शिकतो. पुस्तकाच्या पाठीवरच्या दोऱ्यांना टाके घालताना माझा दोरा कधी सैल पडत नाही, असं ते स्वतः म्हणाले. मग म्हणाले, "वेंडेलिन, संत मिखाएलला संघाची बैठक आहे. तुझं नाव घालतो. काम येतं तुला. पण माणसं विचारतील — कुणाचा?"

मी म्हटलं, आईबाप प्लेगनं गेले.

"ते ठाऊक आहे. पण तू लग्नातला आहेस हे शपथेवर सांगणारी दोन माणसं हवीत. तो आमचा नियम. त्याशिवाय कारागीर म्हणून नाव चढत नाही. जन्मभर दुसऱ्याच्या दुकानात सरस उकळशील."

दोन माणसं! गाव उठलेलं. कुठून आणू?

लॅटिन शाळेतही हेच झालं होतं. पोरं बाकावर खडूनं पाद्र्याच्या टोपीत बसलेलं कोंबडीचं पिल्लू काढायची. मी कुणाला काही न सांगता जाणं बंद केलं. गुरुजींनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःच रोज सकाळी मला शिकवायला बसले. त्यांना बाकावरच्या चित्राचं कळलं होतं की नाही, कोण जाणे.

घरी येऊन साक्षीदारांचं सांगितलं. गुरुजी म्हणाले, "बघू." मावशीनं चुलीत लाकूड सारलं. चुलीत आधीच पुष्कळ लाकडं होती.

शनिवार, १ सप्टेंबर. संत एगिडियुसचा दिवस

गुरुजींच्या नावाचा सण! मावशीनं फळीवर कांद्यांमागे ठेवलेला लाकडी संत काढून जेवणाच्या टेबलावर मांडला. त्याच्या मांडीशी हरिणी आहे, तिचा एक कान तुटलेला. नगरसभेनं चर्चमधल्या मूर्ती काढायला लावल्या तेव्हा गुरुजी यालाच बगलेत मारून घरी आले. शिपायानं विचारलं होतं, "हे कशाला?" म्हणाले, "जळण."

तो हिवाळा फार कडक गेला. हा जळला नाही.

पेअरचा केक, डुकराचं खारवलेलं मांस, शेजाऱ्यांनी पाठवलेला पांढरा पाव. जेवल्यावर मी त्यांना त्यांचा शांततेविषयीचा ग्रंथ वाचून दाखवला. मला आठवतंय तेव्हापासून ते तो लिहितायत. आता डोळे अधू, म्हणून मी वाचतो, ते सांगतात, मी दुरुस्त करतो. आजही एक परिच्छेद संपला तसे बोट वर करून म्हणाले, "पण... दुसऱ्या बाजूनं पाहता..."

मावशी भांडी घासता घासता म्हणाली, "देवानं दोनच बाजू केल्या, यांना दर वेळी तिसरी सापडते!"

"तिसरी बाजू तूच आहेस, बुर्गा."

"मला बाजूला बसवायला जागा आहे का या घरात? पुस्तकंच बसलीत."

हसले दोघं. मग पाहिलं तर दोघंही माझ्याकडे पाहत होते. गुरुजींना मी दिसत नाही, माझ्या बाजूला तोंड करतात, एवढंच. तरी पाहत होते.

मी पान उलटलं.

मंगळवार, ४ सप्टेंबर

पाणी घेऊन आत आलो तर बोलणं तुटलं. मावशीचे डोळे लाल. कांदा चिरत होती म्हणाली. कांदा नव्हता.

रविवार, ९ सप्टेंबर

मावशीनं काल बाजारातून करड्या लोकरीचं कापड आणलं. आज दुपारी खिडकीपाशी बसून तिनं आपला जुना झगा दोन्ही बाजूंनी उसवला आणि प्रत्येक बाजूला हातभर नवी पट्टी जोडायला घेतली. आता तो एवढा रुंद होईल की त्यात ती, तिचं गाठोडं आणि आमचं मांजर, तिघंही मावतील.

मी विचारलं, "इतका रुंद कशाला?"

"थंडी यायचीय."

"आत्ताच?"

"थंडी काय विचारून येते?"

मी समजलो. प्रवासाचा झगा आहे. उल्म शहराच्या रस्त्यावर रात्री शेतात काढाव्या लागल्या तर अंगाखाली घ्यायचा अर्धा आणि वर घ्यायचा अर्धा. ती जाणार. गुरुजी ठरवणार नाहीत, ते फक्त दोन्ही बाजू पाहणार, आणि तोवर सण येणार. मग ती कुणाला ठरवायला न लावता आपण होऊन निघून जाईल. ती तशीच आहे. जेवणातला शेवटचा तुकडा नको म्हणायची तिची पद्धत आहे.

गुरुजींचा मला राग आला. लिहिलंय ते खोडत नाही. ज्या माणसाला सगळ्यांचं पटतं त्याच्या घरात एका बाईला जागा मिळत नाही!

मंगळवार, ११ सप्टेंबर

राग गेला. सकाळी गुरुजी पेअरच्या झाडाखाली उभे राहून फळं हातानं चाचपत होते, पिकलेलं कुठलं ते बघायला. एक माझ्या हातात ठेवलं. "हे तुझं. गोड असेल." कच्चं होतं. मी खाल्लं. गोड आहे म्हटलं.

शनिवार, १५ सप्टेंबर

मोठा गोंधळ झाला. मीच केला.

मावशीला रस्त्यावर झोपायला लागू नये म्हणून मी स्पिटालमध्ये गेलो होतो — म्हाताऱ्या आजाऱ्यांना जिथे ठेवतात, तिथे. तिथल्या मुख्य बाईंना विचारलं, स्वयंपाकाला माणूस हवंय का? फार स्वच्छ, मसूर कधी करपवत नाही. (एकदाच करपवला होता, ते सांगितलं नाही.) त्या म्हणाल्या, पोटमाळ्यावर एक खोली आहे, खिडकी दक्षिणेला. मी खिडकीसुद्धा उघडून पाहिली. कडी नीट लागते.

घरी येऊन सगळं सांगितलं. खोली, खिडकी, कडी. मला वाटलं, तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल.

मावशी हातातली सुई खोचून माझ्याकडे बघतच राहिली. "मला घालवायला निघालास होय रे?"

"नाही! मी फक्त — तू जाणारच ना, म्हणून —"

"कोण म्हणालं?"

"झगा..."

तिनं मांडीवरच्या झग्याकडे पाहिलं. मग इतकी हसली, इतकी हसली की रडायलाच लागली. मला जवळ ओढलं आणि लहानपणी धरायची तशी माझी मान धरली. "येड्या. माझ्या येड्या. कडी लागते म्हणे!"

आतून गुरुजींनी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही हो! तुमच्या पोरानं माझी सोय लावलीय स्पिटालमध्ये!"

'तुमच्या पोरानं.' बोलण्याच्या भरात म्हणाली. घरात वाढलेल्या कुणालाही असं म्हणतात.



मंगळवार, १८ सप्टेंबर

लग्न होणार!

सकाळी ग्रंथ वाचायला बसलो, तर गुरुजी म्हणाले, "आज राहू दे. पुढच्या मंगळवारी क्नाउस आमचं लग्न लावतोय. बुर्गानं हो म्हटलं."

मी ग्रंथ मिटला. मग तोंडातून निघून गेलं, "इतके दिवस तुम्ही का नाही विचारलंत?"

ते रागावले नाहीत. "विचारलं होतं. हुकूम आला त्या संध्याकाळीच विचारलं. त्याच्याही आधी, पाद्र्यांनी लग्न करावं असं कुठे कुणी बोलायच्या आधी, विचारलं होतं. बिशपला सोडून कुठेतरी निघून जाऊ म्हटलं, मी मुलं शिकवीन. देवाला दिलेला शब्द मोडायची माझी तयारी झाली होती, वेंडेलिन. सोपं नव्हतं ते. अजून नाही. पण... नाही, पण नाही. तयारी होती. तीच नाही म्हणायची."

"का?"

"म्हणायची, दारात उभं राहायचं तर सगळंच घेऊन उभं राहायचं. अर्धवट नाही. आणि सगळं घेऊन उभं राहायचं तर..." त्यांनी पेअरच्या झाडाकडे तोंड वळवलं. "तिला एका गोष्टीची भीती वाटायची. मलाही. माझी जास्त."

"कसली?"

मी विचारलं! मीच! आणि लगेच घाबरून उठलो. म्हटलं, मांजर फळीवर चढलंय.

गुरुजी हळूच म्हणाले, "झगा शिवून होऊ दे. मग बघू."

मीच आजवर त्यांना दोष देत होतो, याचं वाईट वाटलं. ते ठरवत नाहीत असं सगळं शहर म्हणतं. त्यांनी केव्हाच ठरवलं होतं.

बुधवार, १९ सप्टेंबर

गुरुजींनी ग्रंथ दोरीनं बांधून माझ्या हातात दिला. "हा तू बांध. बीचच्या लाकडाच्या फळ्या, साधं कातडं, एक कडी. नीट लागेल अशी!" आणि हसले. मावशीनं खिडकीचं सगळं सांगितलंय तर.

म्हटलं, "शेवटचं प्रकरण अजून दुरुस्त व्हायचंय."

"राहू दे चुकीचं. आणि योर्गला सांग, मंगळवारी चर्चपाशी ये म्हणावं. तुझ्या साक्षीदारांचं होईल. दोन काय, भरपूर होतील."

हे मात्र मला आवडलं नाही. गाव उठलेलं, माणसं मेलेली. गुरुजी माझ्यासाठी खोटी शपथ तर घेणार नाहीत? त्यांनी आयुष्यात खोटं सांगितलेलं मला माहीत नाही. जळणाचं सोडून.

शुक्रवार, २१ सप्टेंबर. संत मत्तय

प्लोनी मावशीला म्हणाली, "या वयात नवरी! डोक्यात फुलं घालणार की कांद्याची पात?"

मावशी म्हणाली, "पात. सूपला लागेल नंतर."

दोघी मिळून केक भाजतायत. प्लोनीनं झग्याला हात लावून पाहिला. रुंदी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं — आणि मिटलं! प्लोनीनं! असं मी यापूर्वी कधी पाहिलेलं नाही.

सोमवार, २४ सप्टेंबर

झगा झाला. दुपारी मावशी म्हणाली, "इकडे ये. जरा गुडघे टेकून बस."

"मी कशाला? तुझी उंची घे."

"बस म्हटलं ना."

बसलो. तिनं झगा अंगावर घेतला, माझ्या बाजूला उभी राहिली आणि त्याची एक बाजू माझ्या डोक्यावरून पलीकडे टाकली. काठ जमिनीला टेकतो का ते वाकून पाहिलं. टेकत होता. आत नव्या लोकरीचा वास. तिचाही वास. धूर, पीठ, थोडा कांदा. फटीतून फरशीची एक पट्टी दिसत होती, तिच्यावर ऊन, आणि गुरुजींचे पाय. ते केव्हा येऊन उभे राहिले होते कळलं नाही.



मग तिनं झगा काढून घेतला. "पुरतोय," म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. आणि मग, माझ्याकडे न बघता, घडी घालत, "जबरदस्ती नाही हं कुणावर. उद्या ज्याला जिथे उभं राहावंसं वाटेल, तिथे त्यानं उभं राहावं."

मी विचारलं नाही. तोंडाशी आलं होतं. पण या वेळी गप्प राहिलो ते भीतीनं नाही. भीती कुठे होती ती मी शोधली, नीट शोधली. सापडली नाही.

माझा सदरा तिनं धुऊन वाळत घातलाय. आपल्या सदऱ्याआधी गुरुजींनी माझ्याच सदऱ्याचं विचारलं — वाळला का?

मंगळवार, २५ सप्टेंबर १५२६. चर्चच्या दारात

ती झगा उघडून उभी राहिली आणि मला हाक मारली नाही. मी योर्ग ट्राउटच्या शेजारी, गर्दीत होतो. चालत गेलो, गुडघे टेकले, आत गेलो. झगा मिटला. कुणी हसलं नाही.

गुरुजींना दिसत नाही. त्यांनी हातानं चाचपलं. तिचा खांदा, मग लोकर, मग लोकरीखाली माझं डोकं. हात तिथेच राहिला.

"आलाय का तो?" त्यांनी विचारलं.

"आलाय," आई म्हणाली.